आधी हळू ठोकतात

२ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे! दोन ट्रंका, भांड्यांची पिशवी आणि आईने वाटभर मांडीवर धरून आणलेली कुंडी, सगळं धड पोहोचलं. क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघरात स्वतःचा नळ, न्हाणीघराला स्वतःचं दार. आईने त्या दाराची कडी चार वेळा लावून काढून पाहिली आणि म्हणाली, आता मी आत जाऊन दोन तास बसेन, बघू कोण हाक मारतंय. हाक मारली तरी तिला ऐकू येणार नाही ही गोष्ट वेगळी.

खिडकीतून जुनी गोदी दिसते. तीन बाजूंनी दगडी भिंत, मध्ये हिरवं, स्वस्थ पाणी. तिच्यापलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे समुद्र.

आमच्या घराण्यात कागदावर अंगठा न उमटवता नोकरी मिळवणारी मी पहिली. मामांनी निघताना आशीर्वाद दिला तो असा: चार वर्षं शिकून मासे मोजणार, बाजारात बसली असतीस तर निदान विकले तरी असतेस. मी हसले. मामांसारख्या माणसांवर रागवायचं नसतं, त्यांना मागे सोडून यायचं असतं.

आईचे कान यंत्रमागांनी खाल्ले. मालकाने तिला निरोपाची भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, तासाला ठोके देणारं. बहिऱ्या बाईला! त्या माणसाला मी आयुष्यभर विसरणार नाही. समुद्रातल्या गोंगाटाचा अभ्यास मी का निवडला, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. खरं उत्तर हे होतं.

शेजारच्या काकू येऊन गेल्या. त्यांचे यजमान इथे खांब ठोकायचा हातोडा चालवतात. काकूंनी आईकडे मोठमोठ्याने घरादाराची चौकशी केली. आई त्यांच्या ओठांकडे बघून अचूक उत्तरं देत होती, तरी त्या ओरडतच राहिल्या. गेल्यावर आई म्हणाली, बाई चांगली आहे, पण तोंड किती मोठं उघडते, पडजीभ दिसली.

४ नोव्हेंबर

फाटकावर पाटी आहे: आम्ही समुद्राची काळजी घेतो. पाटीखाली गंजलेल्या डब्यांचा ढीग. पहिलाच दिवस म्हणून मी पाटीवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

काम समजून घेतलं. खाडी बाटलीसारखी आहे: पोट मोठं, मान चिंचोळी. पोटाच्या तळाशी आमची वसाहत आणि ती जुनी गोदी; मानेपाशी, खोल पाण्यात, नवा धक्का बांधतायत. धक्का अर्धा झाला आहे आणि त्याच्यावर पत्र्याची एक लांबलचक शेडही उभी आहे. किनाऱ्यावरून तिथे जायला एक अरुंद लोखंडी पूल. उरलेल्या अर्ध्या धक्क्यासाठी समुद्राच्या तळात पोलादी खांब ठोकायचे आहेत, आणि खांब ठोकताना पाण्यात जो आवाज होतो तो हवेतल्या आवाजासारखा विरत नाही. तो दूरवर जातो, वेगाने जातो, आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फोडू शकतो.

म्हणून मी. पुलाच्या सुरुवातीला माझं मचाण आहे. दुर्बीण, वायरलेस, आणि पाण्यात सोडलेला मायक्रोफोन. आधी मी पाणी न्याहाळायचं. खांबाभोवतीच्या ठरलेल्या वर्तुळात एकही डॉल्फिन नसला की वायरलेसवर म्हणायचं, मोकळं. मग हातोडा हळू ठोकायला लागतो, अगदी दारावर टकटक करावी तसा, आणि जोर हळूहळू वाढवतो. आसपासच्या जिवांना कळावं, की इथून निघा, पुढे मोठं येतंय. मग क्षणभर सगळं थांबतं. मी पुन्हा पाणी बघते. आणि नंतर पूर्ण घाव.

किती सभ्य पद्धत आहे! माणसाने समुद्राशी बोलताना पाळलेली पहिली रीत. आईला सांगितलं तर म्हणाली, आमच्या कारखान्यात माग सुरू करताना कुणी टकटक केली नव्हती.

साहेबांशी ओळख झाली. ते बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघतात. त्यांच्याबरोबर बाहेरून नेमलेले एक सल्लागार होते. त्यांनी हात पुढे करण्याआधी आलेख पुढे केला. मी मनातल्या मनात त्यांचं नाव आलेखराव ठेवलं आहे.

७ नोव्हेंबर

काल हातोडा सुरू झाला.

त्याआधी मी कानाला यंत्र लावून खाडी ऐकत बसले होते. कोळंब्यांची चुटचुट, जणू तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब. कुठला तरी मासा घुमत होता. डॉल्फिन एकमेकांना शीळ घालत खाडीच्या तोंडाकडून आत, आतून तोंडाकडे फिरत होते. प्रत्येकाची शीळ वेगळी असते, तेच त्याचं नाव. दोन-तीन नावं मला ओळखू यायला लागली होती.

डॉल्फिन वर्तुळाबाहेर गेल्यावर मी मोकळं म्हणाले. हातोडेवाल्या काकांनी विचारलं, ताई, नक्की ना? म्हटलं, काका, नक्की. टकटक सुरू झाली. मग घाव.

कानाचं यंत्र मी लगेच काढलं. पुन्हा लावलं तेव्हा खाडीत कोळंबीसुद्धा बोलत नव्हती.

साहेब म्हणाले, बघा, पळाले सगळे, उत्तम. त्यांच्या लेखी खाडी म्हणजे झाडून काढायची खोली.

१० नोव्हेंबर

मला आज कळलं की मी मूर्खांच्या हाताखाली काम करत नाही. मूर्ख बरे. ही माणसं हुशार आहेत.

नियम असा: आवाज अडवायला खांबाभोवती तळावर गोल रबरी नळी टाकतात. तिच्या भोकांतून हवा सोडली की बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाजाचा बराच भाग तिच्या आतच राहतो. यांनी ती नळी खांबाभोवती टाकलीच नाही. खाडीच्या तोंडावर आडवी टाकली, या काठापासून त्या काठापर्यंत. कारण? आवाज मोजणारा तरंगता बोया तोंडाच्या बाहेर, समुद्रात आहे. आवाज बोयाला ऐकू येऊ नये एवढीच यांची काळजी. आत काय होतं ते कुणीच मोजत नाही.

म्हणजे हळू ठोके घालून आम्ही जिवांना सांगतो की निघा, आणि बाहेर जायच्या वाटेवर बुडबुड्यांचं कुंपण. डॉल्फिन तसलं कुंपण ओलांडत नाहीत. त्यांच्या कानांना ती भिंतच असते. मग ते निघतात ते आत. बाटलीच्या तळाकडे.

मी हे आलेखरावांना सांगितलं. त्यांनी आलेख दाखवला. बोयापाशी आवाज मर्यादेच्या खाली, पुष्कळ खाली, रेघ कशी मुलायम झोपली आहे बघा म्हणाले. मी म्हटलं, आत मोजा. ते म्हणाले, आत मोजायची अट नाही. साहेब भिंतीकडे बघत म्हणाले की मुली हुशार असतात पण हळव्या असतात. यावर दोघंही हसले. आलेखरावांच्या दातात काहीतरी अडकलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर

ते गोदीत आहेत.

सकाळी आई खिडकीशी उभी होती. मला हाताने बोलावलं. गोदीतलं पाणी पाठींनी भरलं होतं. डॉल्फिन, एकमेकांना खेटून, अंग न हलवता, नाकपुड्या तेवढ्या वर. त्यांच्यामधून दहा पायांचे माकूळ उलटेसुलटे गरगरत होते. तोल सांभाळायची त्यांची इंद्रियं घावांनी निकामी होतात. भिंतीलगत मेलेल्या माशांची रांग. आई म्हणाली, हे जनावर एवढं गप्प का गं? मी मायक्रोफोन नेऊन गोदीत सोडला. शीळ नाही. एकाचंही नाव नाही.

एवढ्या डॉल्फिनांना आपलं नावही घ्यायला भीती वाटत होती.

मचाणावर गेले आणि मोकळं म्हणायला नकार दिला. हातोडा अडला. काका वायरलेसवर हळूच म्हणाले, ताई, वरून फोन येईल हं. आला. साहेबांनी विचारलं, तुमच्या वर्तुळात काही आहे का? नाही. गोदी तुमच्या वर्तुळात येते का? नाही. मग तुम्हाला नेमकी अडचण काय आहे, बाई? त्यांच्यासाठी मी कालपर्यंत ताई होते.

वर्तुळात खरंच काही नव्हतं. मी मोकळं म्हटलं. तो शब्द थुंकल्यासारखा बाहेर पडला.

१७ नोव्हेंबर, रविवार

गोदी रिकामी झाली आहे. एक पाठ नाही, एक मेलेला मासा नाही. बाहेर जायची वाट बंद, आत कुठे लपायला जागा नाही, आणि पाणी स्वच्छ. आलेखरावांनी याला प्रजातींचं यशस्वी स्थलांतर म्हटलं. मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, अन्यत्र. चार ओळींचा अहवाल मी मंजूर करावा म्हणून पुढे सरकवला. मी तो त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला.

हातोडा शुक्रवारपासून बंद आहे. तो उतरवून बार्जवर, त्या सपाट मालबोटीवर, आडवा ठेवला आहे, आतलं काहीतरी झिजलं म्हणून.

आज दुपारी भांडी घासत होते. मोरीच्या नळीतून टक् टक् आलं. अगदी हळू. थोडा वेळ चाललं आणि थांबलं.

नळवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, नळीत हवा शिरली असेल. इकडे सगळ्यांना सगळीकडे हवाच दिसते.

१९ नोव्हेंबर

सगळ्यांच्या घरी येतंय. काकूंच्या न्हाणीघरात, खालच्या मजल्यावर, कार्यालयाच्या जिन्यात. नळ्यांत होतं ते आता भिंतींत आहे.

मी ते ऐकताक्षणी ओळखलं नाही याची मला लाज वाटली पाहिजे. रोज तेच ऐकते मी. दोन ठोक्यांमधलं अंतर तेच. जोर वाढायची पद्धत तीच. हा आमचा हातोडा आहे, आणि आमचा हातोडा बार्जवर आडवा पडलेला आहे, मी दुर्बिणीतून दोनदा बघितला.

गोदीत मायक्रोफोन सोडला. आवाज तिथूनच येतो, तळाखालून. शीळ नाही, चुटचुट नाही, जनावराच्या गळ्यातून निघालेलं काही नाही. फक्त आमचे हळू ठोके. कुणीतरी ते नीट ऐकून घेतले आहेत.

आलेखरावांना ऐकवलं. ते म्हणाले, प्रतिध्वनी. शुक्रवारी बंद पडलेल्या हातोड्याचा प्रतिध्वनी मंगळवारी! या माणसाला पदवी देणाऱ्यांची मला कीव येते. माझीही पदवी तशाच कागदावर छापलेली आहे.

आईला काहीच ऐकू येत नाही. म्हणते, पायाला गुदगुल्या होतात, बरं वाटतं.

२१ नोव्हेंबर

जोर वाढला आहे.

कुणाला झोप नाही. काकूंच्या नाकातून रक्त आलं. खालच्या मजल्यावरचा फिटर सपाट जमिनीवर चालता चालता पडतो आणि पडल्यावर कुठल्या बाजूला उठायचं ते त्याला समजत नाही. सगळे एकमेकांशी ओरडून बोलतात, मग ओरडायचाही कंटाळा येतो, मग बोलणं लहान होतं. हो. नाही. चल. दे. गोंगाटात डॉल्फिनही असंच करतात, आपली शीळ सोपी करतात, तिच्यातले चढउतार गाळून टाकतात. परीक्षेत मला यावर पूर्ण गुण मिळाले होते.

साहेबांनी सभा घेतली. तोडगा निघाला आहे म्हणे. धक्क्यावरच्या शेडमध्ये आवाज मुळीच येत नाही, तपासून पाहिलं. सगळ्या कुटुंबांची तिथे तात्पुरती सोय. गाद्या, पाणी, बिस्किटं. वसाहतीतून एस.टी. स्टँडकडे जाणारा रस्ता गोदीच्या भिंतीवरून जातो आणि तिथे तर उभंच राहवत नाही, म्हणून दुसरा मार्ग नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना टाळ्या आवडतात. भिंतीकडून नजर काढून त्यांनी पहिल्यांदा माणसांकडे बघितलं.

२३ नोव्हेंबर

मी धक्क्यावर आले. आईला आणता आलं नाही.

ती म्हणाली, मला ऐकू येत नाही तर मी कशाला जाऊ? आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची मोरी मिळाली आहे. तू जा, डोळे बघ तुझे, घुबडासारखे झालेत. मी दुपारी डबा आणत जाईन.

राहणार होते मी. खरंच. पण भिंती आता एवढ्या ठोकतात की दात एकमेकांवर आपटतात. कानातून पाणी येतं.

पूल ओलांडला आणि आवाज संपला. एकदम. रडू आलं. शेडमध्ये सगळे गाद्यांवर पसरून झोपले होते, भर दुपारी, तोंडं उघडी टाकून.

एकमेकांना खेटून.

२४ नोव्हेंबर

आई डबा घेऊन आली. अरुंद पुलावरून आरामात, बाजारातून यावं तशी. साहेबांनासुद्धा दोन घास दिले आणि म्हणाली, एवढा मोठा माणूस आणि बिस्किटं खातोय. साहेब तिच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, तुमच्या आई फार गोड आहेत.

त्यांच्या ताटातला घास काढून घ्यावासा वाटला.

२५ नोव्हेंबर

माझ्यासारखी बिनडोक मीच.

सकाळी शेडच्या दारात उभी होते. समोर पूल, पलीकडे ठोके. मागे तीन बाजूंना पाणी. इथे शांत का आहे? लोखंडाच्या खांबांवर उभा आहे हा धक्का, आवाज खांबांतून सगळ्यांत आधी इथे यायला हवा. येत नाही. कारण इथे येऊ दिला जात नाही. आम्ही कुंपण घातलं होतं ते बुडबुड्यांचं. आमच्याभोवती, गोदीखाली जे आहेत त्यांनी, आवाजाचं घातलं आहे. जिथे कमी दुखतं तिकडे आम्ही आपण होऊन चालत आलो, गाद्या घेऊन, टाळ्या वाजवत.

आणि हळू ठोके संपून क्षणभर सगळं थांबलं की मग काय होतं ते या धक्क्यावर दोनच माणसांना नीट माहीत आहे. काकांना आणि मला.

काकांना सांगितलं. म्हणाले, ताई, आपण निदान टकटक करत होतो. मी म्हटलं, काका, तेही टकटकच करतायत.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, इथे शांत आहे ना? मग? आलेखरावांनी शेडच्या आत आवाज मोजला. रेघ मुलायम झोपली आहे.

तीच रेघ.

२६ नोव्हेंबर

आईला बाहेर काढायचं. एवढंच. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. नाही, असं लिहायला नको होतं. पण तेच मनात आहे.

ती डबा घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, आजच स्टँडवर जा, मामांकडे जा. तुला ऐकू येत नाही, तू गोदीवरून जाऊ शकतेस, एकटी तूच जाऊ शकतेस. तिने ओठ वाचले. म्हणाली, तुला टाकून? डोकं फिरलंय का तुझं?

म्हटलं, मग मला ने. तिने मनगट धरलं. पुलाच्या मध्यापर्यंत गेलो. आवाज लागला आणि पाय गेले. ती ओढत होती, मी लोखंडाला गाल लावून पडले होते. माझ्या शिकण्याने मी कशी मऊ झाले याबद्दल काहीतरी पुटपुटत तिने मला परत शेडकडे ओढलं. धापा टाकत होती. तिच्यात तेवढीच ताकद आहे.

धक्क्याची मोटरबोट, लाँच, घेऊन तीन जण निघाले होते. तळातून आवाज लाँचच्या पोटाला लागला. तिघंही आडवे. लाँच आपली आपण वाहत परत धक्क्याला लागली.

मुख्य कार्यालयाला फोन. समिती नेमतो म्हणाले.

आईला निघताना म्हटलं, उद्या येऊ नकोस. शपथ घे म्हटलं. म्हणाली, जेवशील काय मग, साहेबाचं डोकं? आणि हसली. शपथ घेतली नाही.

२७ नोव्हेंबर

पलीकडे आता ठोके नाहीत, तोफा आहेत. पुलाचे कठडे दिसत नाहीत इतके थरथरतात. शेडमध्ये अजून शांत. माणसं कुजबुजतात. साहेबांनी सगळ्यांना दारापासून लांब, टोकाकडे सरकायला सांगितलं आहे, तिथे सुरक्षित म्हणे. सरकले सगळे.

मी दारात —

काका आले. पुलाच्या थरथरीबरोबर त्यांची बोटं चौकटीवर आपटतायत, अंतर मोजतायत. मलाही येतं ते. जोर शेवटच्या टप्प्यात आहे.

नंतर

पुलाच्या त्या टोकाला आई. डबा.

हात हलवला — नको, नको — तिला वाटलं बोलावते आहे. चालायला लागली. ओरडून उपयोग नाही. मी तरीही ओरडले. काका ओरडले. तिला आमची तोंडं दिसत नाहीत एवढ्या लांबून.

रोजनिशीचं पान फाडलं. काकांच्या मार्करने, पानभर — जा. एवढंच. हे अक्षर मीच तिला शिकवलं होतं. डोक्यावर धरलं.

थांबली. डोळे बारीक केले.

वाचलं! वाचलं तिने —

पुन्हा वाचतेय.

डबा खाली ठेवला. चपला काढल्या. वळ, आई. वळ —

धावतेय. इकडे. माझ्याकडे धावतेय, हात पुढे —

काकांची बोटं थांबली. पलीकडे एकदम शां